उलट्या बाजूचे धागे

ईदच्या दुसऱ्या दिवशी धानोऱ्याच्या घरी अम्मीची ट्रंक उघडली. डांबरगोळ्यांच्या वासात तिच्या लग्नातली हिमरूची शाल निघाली. पुण्याला शिकणाऱ्या माझ्या लेकीने फोटो काढला, फोनमधल्या कुठल्याशा अ‍ॅपला दिला आणि मिनिटभरात त्याच वळणाच्या बारा नव्या नक्ष्या दाखवल्या. "अब्बा, बघा, कोयरीसुद्धा आलीय!"

खरं सांगतो, मला राग आला. माझे नाना लहानपणी औरंगाबादला हिमरूच्या मागावर बसायचे. मागावर म्हणजे अगदी वर, जाळ्याच्या दोऱ्यांपाशी. खालून विणकर हाक देई तसतशा वरचा पोरगा दोऱ्या ओढी. नक्षी कागदावर नसे, त्या दोऱ्यांतच बांधलेली असे. दिवसभर खपून कापड वीतभर सरकायचं, असं ते सांगत.

मग जॅकार्ड आला. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती: पुठ्ठ्याला भोक असेल तर दोरा उचलायचा, नसेल तर नाही. वरच्या पोराची गरज संपली. "माझी मजुरी पुठ्ठ्याने खाल्ली," असं नाना हसत म्हणायचे. तेव्हा ते हसले नसतील. हेच पुठ्ठे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्रासाठी घेतले. म्हणजे लेकीचा फोन नानांच्या मागाचा लांबचा नातेवाईकच निघाला.

ती मला समजावत होती. यंत्रात दोन जाळी असतात म्हणे, एक चित्र बनवतं, दुसरं ते खरं की नकली ते ओळखतं. २०१४ साली निघालेली पद्धत. २०१८ मध्ये दिल्लीच्या नेचर मोर्त गॅलरीत अशा चित्रांचं प्रदर्शनही भरलं होतं.

"पण ही नक्कल आहे," मी म्हणालो.

"हिमरू म्हणजे काय, अब्बा?"

मी गप्प. हिमरूचा अर्थ फारसीत 'सारखा', असंच आमच्याकडे सांगतात. जरीचं किनखाब परवडत नाही, म्हणून सुती ताण्यावर रेशमाने विणलेलं त्याच्यासारखं कापड. आमचा अभिमानच मुळात नकलेचा!

तरी एक गोष्ट टोचत राहिली. नानांची नक्षी चालली, तेव्हा त्यांना निदान मजुरी तरी मिळे. या बारा नक्ष्यांची मजुरी कुणाच्या हातात पडणार? लेकीला विचारलं. तिच्याकडेही उत्तर नव्हतं.

अम्मीने शाल उलटी केली. मागे सुटे धागे लोंबत होते, एक तुटलेला. लेकीने त्या बाजूचाही फोटो घेतला. अ‍ॅपने गवतासारखं काहीतरी काढून दिलं.

"फोन ठेव," अम्मी म्हणाली, "आणि सुईत दोरा ओवून दे. मला दिसत नाही."