हरिपूरच्या वाटेवरची पेवे

सांगलीत पहाटे फिरायला जाणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक आयर्विन पुलाकडे वळणारा आणि दुसरा हरिपूर रस्त्याला लागणारा. १९२९ साली झालेल्या त्या पुलावर पावसाळ्यात केवळ व्यायामासाठी कोणी जात नाही. कृष्णेचे पाणी किती फुटांवर आले, हे पाहण्यासाठी लोक जातात. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. मी मात्र दुसऱ्या पंथाचा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी बागेतल्या गणपतीपर्यंत आणि रविवारी थेट हरिपूरच्या संगमापर्यंत चालण्याचा माझा नेम आहे.

वाट साधीच आहे. चिंचेची जुनी झाडे, उजव्या हाताला शेतांपलीकडे कृष्णा, सायकलवर कॅन लावून शहराकडे निघालेले दूधवाले. आपल्या परंपरेत चालण्यालाही शिस्त सांगितली आहे. ईर्यासमिती म्हणजे पुढची चार हात जमीन पाहून, जीव वाचवून पाऊल टाकणे. मुनिमहाराजांचे ते व्रत आपल्यासारख्या श्रावकांना पूर्णपणे पाळता येत नाही. परंतु पावसाळ्यात या रस्त्यावर चालताना त्याचा अर्थ थोडाफार उमगतो. कडेच्या ओल्या गवतातून गोगलगायी निघालेल्या असतात आणि तांबूस काळे किडे संथपणे रस्ता ओलांडत असतात. त्यांना धक्का लागला की ते नाण्यासारखे गोल होतात, म्हणून आपल्याकडे त्यांना ‘पैसा’ म्हणतात. वाटेत पडलेला पैसा ओलांडून पुढे जाण्याचा सराव बँकेच्या माणसाला निवृत्तीनंतर असा घडतो!

खाली पाहून चालणाऱ्या माणसाला जमिनीविषयी कुतूहल वाटू लागते आणि हरिपूरची जमीन त्या कुतूहलाला पुरून उरणारी आहे. या गावच्या भुईखाली हळदीची पेवे आहेत. येथील माती घट्ट आणि चिवट. तिच्यात १५-२० फूट, काही ठिकाणी त्याहूनही खोल असे पेव खणतात. वर माणूस उतरेल एवढे अरुंद तोंड आणि खाली ऐसपैस पोट. आतून पाचट, पाने व चटया यांचे अस्तर लावून हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. हवा आणि ओल आत न शिरल्यामुळे हळदीला कीड लागत नाही आणि तिचा रंगही कित्येक वर्षे टिकून राहतो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या लौकिकात या पेवांचा मोठा वाटा आहे. पेव उघडल्यावर मात्र कोणी लगेच आत उतरत नाही. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ द्यावी लागते. पेटता कंदील दोरीने खाली सोडायचा. तो तेवत राहिला, तरच माणसाने उतरायचे. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण उतावळ्यांसाठी झाली. पेवातली हळद मात्र धीर धरणाऱ्याच्याच कामी येते.

मालतारणाची कर्जे तपासण्यात माझी कित्येक वर्षे गेली. गोदामाला बँकेचे कुलूप, किल्ली आमच्या तिजोरीत, महिन्याकाठी पोत्यांची मोजदाद. त्या सवयीने मी प्रथम पेव पाहिले, तेव्हा नजर कुलूप शोधू लागली. तेथे कुलूप नव्हते; लिंपलेली माती होती आणि वहीतली एक नोंद होती. आत किती पोती आहेत आणि कोणत्या प्रतीची आहेत, हे पेव उघडेपर्यंत कोणालाही डोळ्यांनी दिसणार नव्हते. तरीही ठेवणारा निश्चिंतपणे घरी जात असे. ज्याच्या भरवशावर तो जाई, त्याचा शब्द हीच त्या मालाची किल्ली होती.

पाण्याला मात्र कोणाचा शब्द ठाऊक नसतो. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि वर्षानुवर्षे जपलेली हळद मातीमोल झाली. त्यानंतर पुष्कळसा माल गोदामांत आणि शीतगृहांत गेला. आता पावती संगणकावर निघते आणि विमाही उतरवलेला असतो. हे योग्यच झाले. पुन्हा जुन्या रीतीकडे जावे, असे मी म्हणणार नाही. परंतु पेवे ओस पडली, तेव्हा त्यांच्या तोंडाशी उभा असलेला तो विश्वास कोठे हलवला, हा प्रश्न मला चालताना अनेकदा पडतो.

त्याचे एक उत्तर मला ऑगस्ट २०१९ मध्ये मिळाले. त्या वर्षी पुलाजवळची पातळी ५७ फुटांवर गेली आणि पेठांतील दुकाने पाण्याखाली होती. माझ्या परिचयाच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या वह्या आणि संगणक दोन्ही भिजून निकामी झाले. पाणी ओसरल्यावर दुकानातला गाळ उपसण्याआधी ते फोन घेऊन बसले. ज्यांचे पैसे आपल्याकडून निघत होते, त्यांना एकेकाला त्यांनी आठवणीतून आकडा सांगितला आणि म्हणाले, “तुमच्या वहीशी ताडून पाहा, काही फरक असेल तर तुमचा आकडा मला मान्य.” मी त्यांना विचारले, “आधी येणे का नाही गोळा केले?” ते म्हणाले, “साहेब, येणे लोक विसरले तर माझे नुकसान होईल. देणे मी विसरलो तर माझे नाव जाईल.” त्यांचे येणे सगळे वसूल झाले नाही. पण दिवाळीपूर्वी दुकान पुन्हा भरले, कारण उधारीवर माल देणारे एकही घर मागे हटले नाही.

संगमावर कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात, तेथे संगमेश्वराच्या घाटावर थोडे बसून मी परततो. श्रावकाच्या पाच अणुव्रतांत परिग्रहाचे परिमाण ठरवण्याचे व्रत आहे. व्यापार म्हटला की साठा आलाच. त्याला हे व्रत आड येत नाही. माझे म्हणावे असे किती आणि दुसऱ्यासाठी सांभाळलेले किती, ही रेघ मात्र आधीच आखून ठेवावी, एवढेच ते सांगते. पेवाच्या पोटात शेकडो पोती राहिली, तरी त्यातला एक कणही पेवाचा नसतो. पेढीवर बसणाऱ्या पुढच्या पिढीला आपण किल्ल्या देतो, पासवर्ड देतो, ग्राहकांची यादी देतो. आपले देणे तोंडपाठ ठेवण्याची सवयही त्याबरोबर देत आहोत का, हे प्रत्येक घराने पाहावे.

सांगलीला येणे झाले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये या. तेव्हा बाजारात नवी हळद उतरलेली असते. मुलांना घेऊन एक सकाळ हरिपूरपर्यंत पायी जा आणि एखादे पेव त्यांना दाखवा. कुलूप कोठे आहे, असे ती विचारतीलच. उत्तर त्यांना आपल्या पेढीतल्या उदाहरणाने द्या.