सागवानी कान

वसईकडच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये शिरलात, तर वेदीकडे बघायच्या आधी बाजूच्या भिंतीकडे नजर टाका. तिथे एक सागवानी स्वारी उभी असते. मधे फादरची बसायची जागा, तिच्यापुढे जांभळा पडदा, दोन्ही अंगांना गुडघे टेकायच्या फळ्या आणि तोंडासमोर बारीक जाळी. हा कन्फेशन बॉक्स. वेदीला फुलं मिळतात, संतांच्या पुतळ्यांना हार मिळतात, सणाला कमानीसुद्धा उजळून निघतात. याला कधीमधी पॉलिशचा हात मिळाला तर मिळाला. तरी ऐट बघा. सरपंच असो की बिल्डर, गुडघे टेकल्याशिवाय तो कुणाला तोंड उघडू देत नाही.

घराणं इटलीचं. वर्षातून निदान एकदा पापनिवेदन करायलाच हवं, हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेचा. पण तेव्हा याचा जन्म व्हायचा होता. माणसं फादरच्या पुढ्यात, मोकळ्यावरच बसून बोलत. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांना ते खटकलं. विशेषतः बायका आणि धर्मगुरू यांच्यामध्ये काहीतरी आड हवं, आणि तरी सगळं चारचौघांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं, असा त्यांचा आग्रह. चर्चची बांधणी कशी असावी याच्या सूचना त्यांनी १५७७ मध्ये काढल्या, त्यांत या स्वारीचं बारीकसारीक वर्णन आहे. थोडक्यात, दिसावं सगळ्यांना आणि ऐकू यावं एकालाच. त्याचा पिंड अजूनही तोच आहे. आमच्याकडे पोर्तुगीज १५३४ मध्ये आले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी त्यांना घालवलं. पापनिवेदन मात्र राहिलं.

पोटात गोष्ट ठेवावी ती यानेच. आत ऐकलेलं बाहेर फोडणारा धर्मगुरू त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, इतका ख्रिस्तसभेचा कायदा कडक आहे. राणीने काय कबूल केलं ते राजाला सांगितलं नाही म्हणून प्रागच्या जॉन नेपोमुकला १३९३ मध्ये नदीत बुडवलं, अशी आख्यायिका आहे. इतिहासकार म्हणतात, भांडण वेगळंच होतं, मठाधिपतीच्या नेमणुकीचं. बॉक्सला ही दुरुस्ती आवडत नसावी.

अर्थात गावाला त्याच्या मौनाची फारशी अडचण होत नाही. कोण आत किती वेळ होतं, हे मागच्या बाकांवर बसलेल्या बायका घड्याळ न बघता सांगतात. बाहेर आल्यावर कोण किती वेळ गुडघ्यांवर होतं, यावरून प्रायश्चित्त किती मिळालं याचा हिशेब लागतो. तीन ‘नमो मरिया’ म्हणजे किरकोळ प्रकरण. अख्खी रोजरी म्हणताना दिसला, तर घरी जाईपर्यंत चर्चा.

त्याला खरा राग येतो तो दुसऱ्याची पापं घेऊन येणाऱ्यांचा. “फादर, मी रागावले,” इथून सुरुवात होते; मग का रागावले, सून काय म्हणाली, सुनेची आई काय म्हणाली, ती मूळची कशी, असं करत स्वारी विहिणीच्या माहेरापर्यंत पोचते. फादर मधेच विचारतात, “आणि तुमचं पाप?” मग जरा शांतता. जाळीची भोकं बारीक का ठेवली असावीत, याचा उलगडा मला या जातीच्या भक्तांकडे बघून होतो.

मात्र तो नुसता ऐकून घेणारा भोळा सांब आहे, असं समजू नका. आमच्याकडे एका वाडीवाल्याने शेजाऱ्याचा बांध कोरला होता. एकदम नव्हे, दर पावसाळ्यानंतर वीतभर. केळी लावताना एक ओळ जरा पलीकडे, कुंपण नवं करताना एक खांब जरा पलीकडे. पूर्वी अशा वीतभर जमिनीवरून भावाभावांत अबोला व्हायचा. इमारती आल्यापासून त्या वितीला फुटाचा भाव आला आणि अबोला कोर्टात गेला. हा माणूस नेमाने मिस्साला जाणारा, उपवासकाळात मटण वर्ज्य करणारा. आत जाऊन आला आणि बाहेर बाकावर न बसता थेट घरी गेला. दुसऱ्या दिवशी भर उन्हात, मजूर न लावता, एकटा खांब उपटत होता. शेजारी आपल्या ओटीवरून बघत राहिला, विचारलं काही नाही. आत काय बोलणं झालं ते बॉक्सने सांगितलेलं नाही. पण त्याचा जुना शिरस्ता सगळ्यांना ठाऊक आहे: चोरलेलं आधी परत, प्रार्थना मग. या एका बाबतीत स्वारी सावकारापेक्षा चिवट.

मोहाच्या बाबतीत त्याचा सल्ला साधा असतो. मोहाशी झुंजत बसू नकोस, त्याच्या वाटेलाच जाऊ नकोस. स्टेशनवरून घरी येताना वाटेत बार लागतो, पाय आपोआप वळतात, असं सांगणाऱ्याला फादरनी रस्ता बदलायला सांगितलं. त्याने बदलला. नव्या रस्त्यावर दोन बार. ही गोष्ट त्यानेच पुढे एका लग्नाच्या मांडवात, हातात ग्लास घेऊन सांगितली, म्हणून मी लिहायला मोकळा. लोक हसले. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा रांगेत होता, आणि मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. तीच यादी तिसऱ्या वर्षी घेऊन येणाऱ्याला हा बॉक्स ‘पुन्हा तेच?’ म्हणत नाही. फ्रान्समधल्या आर्स गावचे जॉन व्हियानी उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास त्याच्या पोटात बसून असायचे. एवढ्या वेळात त्यांनी नवं असं पाप किती ऐकलं असेल?

शरीरप्रकृती म्हणाल, तर जरा कुरकुरी. गुडघ्याची फळी मधोमध झिजलेली, पडद्याच्या कड्या गंजलेल्या. डासांना त्याचं पोट फार आवडतं. आपण सगळ्यात अवघड वाक्य कसंबसं उच्चारावं आणि पलीकडून फाटकन टाळी ऐकू यावी. धडकी भरते, मग कळतं की फादरनी डास मारला. त्यावर उपाय म्हणून छोटा पंखा बसवला, तर तो असा घरघरतो की पाप मोठ्याने सांगावं लागतं. पाळकांनी पंखा बंद ठेवायला सांगितलं. डास परत आले.

१९७३ च्या नव्या विधीनंतर समोरासमोर बसून बोलायची सोय झाली. बऱ्याच ठिकाणी काचेच्या दाराची खोली आहे, दोन खुर्च्या आहेत, टिश्यूचा डबा आहे. या नव्या शेजारणीबद्दल बॉक्स काही बोलत नाही, पण कुरकुर वाढलेली आहे. तरुण मंडळी तिकडे वळतात. फोनवरून मात्र चालत नाही. मोबाइल अ‍ॅप निघाली तेव्हाच व्हॅटिकनने तसं स्पष्ट केलं. स्वारीला तेवढंच समाधान.

त्याचे खरे दिवस म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या आगेमागे. शेजारच्या धर्मग्रामांतून फादर येतात, चारचार रांगा लागतात. आपल्या फादरची रांग सगळ्यात तोकडी, कारण उद्या बाजारात तेच भेटणार. सगळ्यात लांब रांग कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या फादरची. तिथे ऊन तापतं, मुलं रडतात, कुणीतरी ‘मला गाडी पकडायचीय’ म्हणत मधेच घुसतो, आणि घरून नीट पाठ करून आणलेल्या यादीत आत जाता जाता एक कलम वाढतं.