खिसा हलका, लंडन फुल टू!
घराचे हप्ते चालू असताना ऑफिसच्या कामासाठी लंडनला तीन महिने राहायचं, म्हणजे कॉफी पितानाही रुपयांचा हिशोब! पण सुट्टीच्या दिवशी रूमवर बसून राहणार कोण? मग मी बस पकडली. एकदा कार्ड टेकवलं की तासाभरात कितीही बस बदला, भाडं एकदाच. खास प्रदर्शनं सोडली तर ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न फुकट. प्रिमरोझ हिलवरून दिसणारं शहरही फुकटच.

टेकडीजवळच 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22मध्ये बाबासाहेब इथे राहायचे. पैशांची ओढाताण, तरी दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. लंडनकडून किती घ्यायचं, हे त्यांनी खिशाला विचारलंच नाही! तुम्हीही जाल तर म्युझियमला अख्खा दिवस द्या. शॉपिंग काय, पुण्यातही होते.