नव्या बंदुकीची हवा

आपल्या शाळेंत हवेची बंदूक आली ती गतवर्षीच्या जुलै महिन्यांत. २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या श्री. स्वप्नील कुसाळे यांनीं ५० मीटर रायफलच्या प्रकारांत कांस्यपदक मिळविलें, तेव्हांपासून आमच्या विद्यार्थ्यांना नेमबाजीचा ध्यास लागला होता. त्या सामन्यांतील बंदूक निराळी. परंतु नवशिक्यानें आरंभ करावयाचा तो बहुधा दहा मीटरवरील हवेच्या बंदुकीनेंच. पालकांनीं वर्गणी केली, बंदूक आली, आणि ‘तुम्ही विज्ञान शिकवितां, तेव्हां हवेचें तुम्हांलाच ठाऊक’ या न्यायानें तिची जबाबदारी आमच्या गळ्यांत पडली.

ज्या पालकांनीं वर्गणी दिली पण बंदूक पाहिली नाहीं, त्यांच्यासाठीं दोन शब्द लिहितों. जत्रेंत फुगे फोडण्याच्या बंदुकींत स्प्रिंग असते. दर वेळीं ती ताणावी लागते. हिची तऱ्हा वेगळी. हिच्या नळीखालीं एक नळकांडें असतें. त्यांत पंपानें २०० बारपर्यंत, म्हणजे आपल्या भोंवतालच्या हवेच्या सुमारें दोनशें पट दाबानें, हवा कोंडावयाची. घोडा ओढला कीं त्या हवेचा एक मोजका घोट सुटतो व ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा निघतो. एकदां भरलेलें नळकांडें दोनशेंहून अधिक छर्‍यांना पुरतें. लक्ष्याच्या मधोमध दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास केवळ अर्धा मिलिमीटर. नळकांड्याच्या टोकाशीं घड्याळासारखें दाबमापक असतें. पुढील सर्व घोळ त्याच्या कांट्यानें घातला.

शनिवारीं सायंकाळीं आम्हीं दोघा मुलांकरवीं पंप मारून कांटा २०० वर आणला. तासाभरानें पाहतों तों तो १९५ वर! मुलें घाबरलीं. आम्हीं त्यांना शांतपणें समजावून सांगितलें कीं, पंपानें दाबलेली हवा तापते व ती निवली म्हणजे दाब थोडा उतरतो. ही गळती नव्हे. हें खरेंच होतें, आणि आपल्या विद्वत्तेचें आम्हांस थोडें समाधानही वाटलें. त्यानंतर बंदूक कपाटांत ठेवून किल्ली नववीच्या एका विद्यार्थ्याच्या हवालीं केली. त्याचें नांव येथें देत नाहीं. मुलगा अबोल, परंतु नेमांत सर्वांहून सरस. त्याच्या वडिलांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान आहे.

सोमवारीं सकाळीं कांटा ११० वर होता.

निवण्यानें पांच बार गेले हें आम्ही जाणत होतों. उरलेले पंच्याऐंशी कोठें गेले? शंभरांहून अधिक छर्रे उडविल्यावांचून एवढी हवा जाणार नाहीं, असा आम्हीं हिशेब केला. आणि किल्ली एकाचजवळ होती. आम्हीं त्याला साऱ्या वर्गासमोर उभें केलें.

“रविवारीं शाळेंत कोण आलें होतें?”

“सर, मी हात लावला नाहीं.”

“मग हवा काय आपोआप गेली?”

तो क्षणभर गप्प राहिला. नंतर अगदीं हळू म्हणाला, “सर, साबणाचें पाणी लावून पाहूं का?”

हें उत्तर आम्हांस टाळाटाळीचें वाटलें. नवी कोरी बंदूक, कारखान्यांतून तपासून आलेली. तिला साबण कशाचा लावतोस, असें म्हणून आम्हीं किल्ली काढून घेतली. तिसऱ्या आठवड्यांत जिल्ह्याच्या स्पर्धा होत्या. ‘तुझें नांव संघांतून कमी केलें आहे,’ असेंही आम्ही बोलून गेलों.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पांचशें छर्‍यांची डबी घरीं आणली होती. साठ छर्रे शुक्रवारीं चांचणींत गेले होते. जेवणाच्या ताटांत डबी ओतून आम्हीं एकेक मोजला. चारशें चाळीस. एकही कमी नाहीं. वाचकहो, येथें आम्हीं आपली चूक कबूल करावयास हवी होती. परंतु मन मोठें हट्टी! त्यानें दुसरीकडून छर्रे आणले नसतील कशावरून, असा विचार करीत आम्ही दिवा मालविला.

मंगळवारीं विक्रेत्याला दूरध्वनि केला. बंदूक कारखान्यांत पाठवावी लागेल, सहा आठवडे लागतील, असें उत्तर मिळालें. तेव्हां कोठें आम्ही नीट परीक्षा करावयास बसलों. नळकांडें पुन्हां भरलें, निवूं दिलें, आणि बंदुकीपासून फिरवून वेगळें काढलें. वेगळें केलें कीं त्याची झडप आपोआप मिटते. रात्रभर तें टेबलावर ठेवलें. बुधवारीं सकाळीं कांटा तिळभरही हलला नव्हता. म्हणजे नळकांडें निर्दोष. दोष बंदुकींत अथवा दोहोंच्या सांध्यांत.

छर्रा नाहीं याची दोनदां खात्री करून घेऊन आम्हीं नळकांडें पुन्हां जोडलें व वाटींत साबण कालवून सांध्यावर रंगाच्या कुंचल्यानें लावला. मिनिटभर कांहींच झालें नाहीं. मग सांध्याच्या खालच्या अंगास एक बुडबुडा आला, मुगाएवढा झाला व फुटला; त्याच ठिकाणीं दुसरा आला.

त्या सांध्यांत रबराची एक बारीक कडी असते, तिला ओ-रिंग म्हणतात. सुमारें १७८० सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यांत जिरार्दोनी नांवाची हवेची बंदूक होती. तिच्या सांध्यांतील चामडें ओलें ठेवावें लागे, सुकलें कीं हवा निसटे. आणि तिचें भांडें भरावयास पंपाचे सुमारें दीड हजार हात मारावे लागत. आमची कडी सुकलेली नव्हती, तुटलेलीही नव्हती. नळकांडें काढून भिंगांतून पाहिलें, तों तिच्यावर आडवा एक पिवळा तंतू चिकटलेला दिसला. केसाएवढा.

आमच्या हातीं टेबल पुसण्याचें पिवळें फडकें होतें. शनिवारीं बंदूक पालकांना दाखवितांना चकचकीत दिसावी म्हणून त्याच फडक्यानें आम्हीं स्वतः तो सांधा पुसला होता.

तंतू चिमट्यानें काढला, कडीस सिलिकोनचें ग्रीस नखाएवढें लावलें. (शिवणयंत्राचें तेल येथें कोणी लावूं नये, फार दाबाच्या तापलेल्या हवेंत तें पेट घेऊं शकतें.) गुरुवारीं सकाळीं कांटा जागच्या जागीं होता.

त्याच दिवशीं पहिल्या तासाला, ज्या वर्गासमोर आरोप केला त्याच वर्गासमोर, आम्हीं पिवळा तंतू कागदावर चिकटवून दाखविला आणि मुलाची क्षमा मागितली. तो खालीं पाहत उभा होता. “बरं सर,” एवढेंच म्हणाला. संघांत त्याचें नांव पुन्हां लिहिलें. सायंकाळीं आम्ही त्याच्या वडिलांच्या दुकानावर गेलों. ते एका ट्यूबचें पंक्चर काढीत होते. आमचें सर्व ऐकून घेऊन ते म्हणाले, “सर, ट्यूब घमेल्यांत बुडवल्याबिगर मी गिऱ्हाइकाला कधीं विचारत नाही, कुठं खिळ्यावर घातलीस म्हणून.” यांत राग नव्हता. त्यांनीं चहा मागविला. तो आम्हीं घेतला, पण घशाखालीं सुखानें उतरला असें म्हणवत नाहीं.

स्पर्धेंत आपला संघ चवथा आला. त्यांत त्या मुलाचे गुण सर्वांत अधिक होते. आतां कपाटाच्या दारास एक वही बांधलेली आहे. रोज सकाळीं व सायंकाळीं कांट्याचा आंकडा व पुसणाऱ्याचें नांव तींत लिहावें लागतें, आमचेंही.

किल्ली मात्र त्यानें घेतली नाहीं. आम्हीं तीन वेळां पुढें केली, तीनही वेळां “दुसऱ्याला द्या, सर,” असें म्हणाला. आम्हीं आग्रह सोडला. स्पर्धेनंतर दोन आठवड्यांनीं आम्ही कपाट लावीत असतां तो वहींत आंकडा लिहून थांबला, आणि कांहीं न बोलतां त्यानें हात पुढें केला.