रात्री दोनचा फोन

परवा रात्री दोनला फोन वाजला. त्याचाच. घटस्फोटाला ४ वर्षं झाली, तरी असं काही झालं की तो मलाच फोन करतो. आवाज चढलेला, शब्द धावत सुटलेले.. कोकणात जमीन घ्यायची होती, तीही सकाळच्या आत! मी एवढंच विचारलं, "झोपलास कधी?" तीन रात्री झोप नाही. लिथियम परस्पर बंद केलेलं. मागे जुलाबात ते रक्तात वाढून हात थरथरायला लागले होते, तेव्हापासून गोळीची धास्ती.

सकाळी त्याच्या ताईंना कळवलं, तिघं डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या परत सुरू.

आई म्हणते, "तुझा आता काय संबंध?" नाहीच म्हणा. पण पुढच्या आठवड्यात रक्त तपासायचंय, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी. त्याच्या ते लक्षात राहायचं नाही.