गिअरबॉक्स उतरवण्याआधी

डिझेल पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाटकं करायला लागला की गॅरेजमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ अमेरिकेतल्या जुन्या डॉज रॅम, फोर्ड एफ-२५० आणि शेवरले सिल्व्हराडो यांच्या असल्या दुखण्यांचा माग काढता काढता माझं मत नेमकं याच्या उलट होत गेलं. गिअर उशिरा पडतो, झटका बसतो, गाडी तिसऱ्या गिअरमध्येच उठते, सरळ रस्त्यावर इंजिनाचे फेरे विनाकारण वरखाली होतात, ही सगळी लक्षणं गिअरबॉक्सची दिसतात. पण गिअरबॉक्स स्वतःहून फारसं काही ठरवत नाही. इंजिनावर भार किती, गाडीचा वेग किती, चालकाचा पाय कुठे, हे त्याला बाहेरून कळतं आणि त्यावर तो वागतो. खबरच खोटी आली तर धडधाकट गिअरबॉक्सही वेड्यासारखा वागेल. म्हणून आधी खबर तपासावी, मग पाना हातात घ्यावा.

ही गोष्ट डिझेललाच जास्त का लागू पडते, याचं कारण इंजिनाच्या घडणीत आहे. पेट्रोल इंजिनात आत येणारी हवा अडवणारी झडप असते. तिच्यामागे व्हॅक्यूम तयार होतो आणि भार वाढला की तो कमी होतो. जुन्या काळच्या कित्येक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना भाराचा अंदाज या व्हॅक्यूमवरूनच यायचा. जुन्या डिझेल इंजिनात ती झडपच नाही. हवा पोटभर घ्यायची आणि डिझेल तेवढं कमीजास्त करायचं, असा त्याचा कारभार. मग प्रत्येक कंपनीने आपापला जुगाड केला. फोर्डने सी-६ गिअरबॉक्ससाठी व्हॅक्यूमचा वेगळा पंप बसवला आणि डिझेल पंपावर त्याचं नियंत्रण करणारी छोटी झडप लावली. पुढे १९८९ च्या सुमारास ई४ओडी आला तेव्हा त्याच पंपाच्या दांडीवर विजेचा सेन्सर आला. डॉजने पायाची हालचाल थेट केबलने गिअरबॉक्सपर्यंत नेली. तिन्ही सोयींत एक साम्य आहे: त्या गिअरबॉक्सच्या बाहेर, उष्णतेत, चिखलात आणि डिझेल इंजिनाच्या थरथराटात राहतात. आतल्या क्लच प्लेटा तेलात न्हात असतात. आधी म्हातारं कोण होणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

डॉजच्या ४७आरई या गिअरबॉक्सवर जरा थांबतो, कारण तो ही गोष्ट सगळ्यात स्वच्छ सांगतो. १९९६ पासून २००२ पर्यंत तो कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेलमागे बसत होता. त्याची केबल जरा सैल झाली की पाय कितीही दाबला तरी गिअरबॉक्सला वाटतं, भार हलका आहे. मग आतल्या तेलाचा दाब हवा तेवढा चढत नाही, गिअर लवकर आणि मऊ पडतात आणि क्लच घसरत घसरत जळतात. केबल गरजेपेक्षा ताणली तर गिअर उशिरा आणि दणका देत पडतात. आता विचार करा, क्लच जळाले म्हणून गिअरबॉक्स उतरवला, नव्या प्लेटा टाकल्या आणि केबल होती तशीच सैल ठेवून परत जोडली. नव्या प्लेटाही त्याच वाटेने जाणार. ‘काम करूनही सहा महिन्यांत पुन्हा तेच’ अशा तक्रारींचं मूळ शोधायला मी आधी इथेच बघेन.

याच डॉजचं दुसरं दुखणं याहून मजेशीर आहे. साधारण ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास, पाय स्थिर असताना, टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सची थेट जोड, लागतं, सुटतं, पुन्हा लागतं. कन्व्हर्टर गेला असं कोणालाही वाटेल. पुष्कळदा दोषी निघतो तो अल्टरनेटर. त्याचा डायोड खराब झाला की बॅटरीकडे जाणाऱ्या डीसी प्रवाहात एसीची लहर मिसळते, ती ॲक्सिलरेटरच्या सेन्सरच्या सिग्नलमध्ये शिरते आणि कॉम्प्युटरला वाटतं चालक सारखा पाय हलवतोय. कुजलेलं अर्थिंगही हाच प्रताप करतं. तपासणी अगदी स्वस्त आहे: मल्टीमीटर एसीवर ठेवून अल्टरनेटरच्या टर्मिनलवर लावायचा, आकडा एक दशांश व्होल्टच्या वर गेला तर संशय घ्यायचा. खात्री करायची तर अल्टरनेटरची जोडणी काढून, निव्वळ बॅटरीवर, छोटी फेरी मारायची. खोड थांबली तर कन्व्हर्टर सुटला. फोर्डच्या ई४ओडीत आणि शेवरलेच्या ॲलिसन १००० मध्ये हीच भूमिका गिअर लिव्हरची जागा सांगणारा स्विच करतो. तो गिअरबॉक्सच्या बाहेर बसतो. त्यात पाणी शिरलं, पिना गंजल्या, की कॉम्प्युटरला लिव्हर नेमका कुठे आहे तेच कळत नाही.

तेलाच्या बाबतीत तर खबर चुकवणारे आपणच असतो. फोर्डची डिपस्टिक पार्कमध्ये बघतात, म्हणून डॉजचीही तशीच बघितली जाते. डॉजची मात्र गरम इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये बघायची असते, कारण पार्कमध्ये या गिअरबॉक्सचं तेल टॉर्क कन्व्हर्टरकडे फिरतच नाही. रात्रभर उभी गाडी सकाळी गिअर टाकल्यावर क्षणभर हलत नाही, त्यामागेही बहुधा कन्व्हर्टरमधून उतरून गेलेलं तेलच असतं. आणखी एक समजूत मोडावी लागते. तेल काळं पडलं, वास बदलला म्हणजे गिअरबॉक्स जळाला, असं सर्रास म्हणतात. डॉजला लागणाऱ्या एटीएफ+४ तेलाचा लाल रंग टिकाऊ नाही आणि वासही वयाप्रमाणे बदलतो. रंग-वासावरून निदान करू नका असं खुद्द कंपनी सांगते. निदान करायचं तर खालचं पॅन उघडून चुंबकावर काय जमलंय ते पाहावं. करडी बारीक राड चालते, चमकणारे धातूचे तुकडे चालत नाहीत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: हे गिअरबॉक्स मुळातच कमजोर नव्हते का? होते. २००१ साली डॉजने कमिन्सचं ५०५ फूट-पौंड टॉर्कचं इंजिन दिलं ते फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत. ऑटोमॅटिकवाल्याला ४६० वरच थांबवलं. कंपनीनेच एका अर्थी कबुली दिली. पण कमजोर गिअरबॉक्सला चुकीची खबर जास्तच महागात पडते, त्यामुळे माझा मुद्दा इथे ढिला न पडता घट्ट होतो. दुसरा आक्षेप स्कॅनरचा: कोड सांगेल ना काय बिघडलंय! पी०७०० एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे. पी०७४० लॉकअपच्या सर्किटकडे बोट दाखवतो. सोलेनॉइड, वायर की कन्व्हर्टर हे माणसानेच शोधायचं. तिसऱ्या ठिकाणी मात्र मला थोडी माघार घ्यावी लागते. ४७आरईचा गव्हर्नर प्रेशर सेन्सर आणि सोलेनॉइड आतच असतात, वारंवार बिघडतात आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये उठायला लागते. म्हणजे दोष खरोखर आत. तरी ते बदलायला खालचं पॅन काढलं की पुरतं. गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. आणि घसरत्या गिअरबॉक्सवर तपासण्या करत आठवडे घालवले तर नुकसान वाढतं, हेही खरंच. पण वर सांगितलेली कामं आठवड्याची नाहीत, एका सकाळची आहेत. एवढं करून केबल बरोबर, वीज स्वच्छ, तेल योग्य, आणि गेजवर तेलाचा दाब तरीही कमी आला, तर खुशाल उतरवा.

हे सगळं जुन्या अमेरिकन गाड्यांचं पुराण आहे असं म्हणून सोडून देता येणार नाही. टोयोटा हायलक्स २०२२ पासून आपल्याकडेही २.८ लिटर डिझेल आणि सहा गिअरच्या ऑटोमॅटिकसह मिळते. नव्या गाड्यांत केबल गेली आणि तिच्या जागी आणखी वायरी, आणखी सेन्सर आले. खबर चुकण्याच्या जागा वाढल्या. अशी गाडी घेऊन गॅरेजमध्ये शिरलात आणि मल्टीमीटर बाहेर यायच्या आधी गिअरबॉक्स उतरवण्याचा भाव सांगितला गेला, तर गाडी वळवा आणि दुसरं गॅरेज बघा.