एका नांवाचा शोध

पदार्थाची चव विसरली तरी त्याचें नांव मागें राहतें. परंतु तें परक्या भाषेंतील असलें, म्हणजे तोंडातोंडीं झिजून अखेरीस ओळखूं येईनासें होतें. जालन्यास आमच्या शेजारीं राहणाऱ्या एका बाईंच्या घरीं असें एक नांव आहे: 'पलटणा'. त्यांचे वडील मूळचे साताऱ्याकडचे. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणीबरोबर ते इटलींत होते. १९४४ च्या हिंवाळ्यांत एका शेतकरणीनें आपल्या चुलीवरचा 'पलटणा' त्यांस वाढला, हें ते वारंवार सांगत. १९७२ च्या दुष्काळांत रेशनवरील तांबड्या मिलोच्या भाकरीस घरांत नाकें मुरडलीं गेलीं, तेव्हां हीच हकीकत सांगून त्यांनीं सर्वांस गप्प केलें होतें. आतां ते नाहींत. "बाबांनीं काय खाल्लें, तेवढें शोधून द्या," असें बाईंनीं आम्हांस सांगितलें.

तर्कांस तोटा नव्हता. पलटणींत शिजतो तो पलटणा, असें कोणी म्हणे. कोणास त्यांत पोळी दिसे. कॉलेजांतल्या मुलांनीं तर पास्ता म्हणून निकालच दिला. इटलींत खिम्याच्या गोळ्यांस 'पोल्पेत्ते' म्हणतात, तिकडेही आमचें लक्ष गेलें. शेवटीं आम्हीं नांव बाजूस ठेविलें आणि पदार्थाविषयीं विचारलें. बाईंस आठवत होतें तें इतकेंच: रंग पिवळा, तांब्याच्या भांड्यांत लांकडी दांड्यानें कितीतरी वेळ ढवळलेला, फळीवर ओतलेला आणि सुरीनें नव्हे, तर दोऱ्यानें कापलेला.

त्या दोऱ्यानें गांठ सुटली. हा 'पोलेंता' होय. इंग्रज अधिकारी त्याचा 'पोलेंटा' करणार. आणि ज्याच्या कानीं दिवसभर 'पलटण' हाच शब्द पडे, त्यानें पुढचा संस्कार केला असल्यास नवल नाहीं.

मीठ घातलेल्या आधणांत मक्याचें जाडसर पीठ वैरून तें घट्ट होईपर्यंत ढवळावयाचें, एवढीच याची कृति. आपल्या पाटवडीचा हा दूरचा भाऊच. रोमन काळीं अशी लापशी इतर धान्यांची होई. मका अमेरिकेंतून युरोपांत आला तो १४९२ नंतर. उत्तर इटलींतील गरिबांचा तर तो एवढा एकच आधार झाला, आणि निव्वळ मक्यावर राहणाऱ्यांस पेलाग्रा जडूं लागला. 'खरखरीत कातडी' या अर्थाचें हें नांव फ्रापोली या वैद्यानें १७७१ सालीं रूढ केलें. हाच रोग दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही आढळे. हैदराबादचे संशोधक गोपालन व श्रीकांतय्या यांनीं १९६० सालीं त्याची मीमांसा मांडली. म्हणजे त्या शेतकरणीची चूल आणि आमच्या मराठवाड्याची चूल यांचें दुःखही एकाच जातीचें होतें.

इटलींतील पराक्रमाबद्दल यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पहिल्यांस मरणोत्तर. तो इतिहास नोंदलेला आहे. वाढलेल्या ताटाची नोंद कोण ठेवणार? त्या हिंवाळ्यांत आघाडी बोलोन्याच्या दक्षिणेस डोंगरांत अडून पडली होती, आणि देशांत अन्नाची टंचाई होती. परक्या शिपायास वाढलेला तो तुकडा घरच्या कोणाच्या तरी वांट्यांतून निघालेला असणार. मिलोच्या भाकरीसमोर बसलेल्या घरास त्या वृद्धानें सांगितलें तें मेजवानीचें वर्णन नव्हतें, हें आम्हांस पदार्थ ओळखल्यावरच कळलें.